पूर्णा खोरे : निसर्गव्यवस्था व तिच्या मर्यादा

विदर्भाच्या पश्चिम भागातील, सातपुडा व अजिंठा या डोंगररांगांमधील काळ्या मातीचा सखल प्रदेश. जुन्या वऱ्हाड प्रांतात यास ‘पायनघाट’ म्हणत. दक्षिणेकडील पठारी भाग ‘बालाघाट’ व उत्तरेकडील डोंगराळ, वनाच्छादित भाग ‘मेळघाट’ या नावांनी ओळखला जाई. बुलढाणा, अकोला व अमरावती या जिल्ह्यांचे भाग या खोऱ्यात मोडतात. पाऊस, खडक, माती, वनस्पती, भूजल व मानवी व्यवहार यांचे परस्परावलंबन आणि त्यातून निर्माण होणाऱ्या मर्यादा यांचे हे खोरे एक बोलके उदाहरण आहे. ज्या मातीने वऱ्हाडास कापसाचे वैभव दिले, तिच्याच खाली अनेक ठिकाणी पिण्यास अयोग्य असे खारे पाणी साठलेले आहे. या विरोधाभासाचा इतिहास प्रस्तुत नोंदीत दिला आहे.

स्थान व भूरचना : पूर्णा ही तापीची प्रमुख उपनदी. ती मध्य प्रदेशातील बेतूल जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहते आणि जळगाव जिल्ह्यातील चांगदेव येथे तापीस मिळते. बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजी हे गाव पूर्णेच्या दक्षिणेकडील सपाटीवर, मलकापूर–नांदुरा यांदरम्यान मुंबई–नागपूर–कोलकाता महामार्गावर वसले आहे. गावाच्या उत्तरेस, पूर्णेपलीकडे सातपुड्याची, तर दक्षिणेस अजिंठ्याची रांग आहे. नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा इ. नद्या अजिंठ्याच्या रांगेत उगम पावून उत्तरेकडे पूर्णेस मिळतात.

बुलढाणा जिल्हा जलविभाजकावर वसलेला आहे. घाटाखालील भागात पडलेला पाऊस पूर्णा व तापी यांवाटे अरबी समुद्रास मिळतो; घाटावरील भागातील पाणी मात्र पैनगंगा व खडकपूर्णा या नद्यांतून गोदावरीकडे आणि तेथून बंगालच्या उपसागरात जाते. पूर्णेचे पाणी तापीवरील हतनूर व उकाई या धरणांतून सुरतेकडे जात असल्याने वऱ्हाडातील डोंगरउतारांवर पाऊस कसा पडतो आणि तेथील माती तो किती मुरवते, यांचा संबंध शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहराच्या पूरस्थितीशीही पोहोचतो. ऑगस्ट २००६ मधील सुरतेचा महापूर हा तापीच्या वरच्या खोऱ्यातील अतिवृष्टीशी निगडित होता.

गाळ, माती व क्षार : सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हा उद्रेकांतून दख्खनचा बेसाल्ट खडक निर्माण झाला. पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी झालेल्या प्रस्तरभंगामुळे पूर्णेचा प्रदेश खचला आणि त्या खोलगट भागात नद्यांनी आणलेला गाळ साचत गेला. काही ठिकाणी या गाळाची जाडी ३०० मी. हून अधिक आहे. बेसाल्टच्या अपक्षयाने तयार झालेली येथील माती अत्यंत चिकण असून ओली झाली असता फुगते व वाळली असता आकुंचन पावते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या खोल भेगा आणि पावसाळ्यात पाय रुतविणारा चिखल ही एकाच गुणधर्माची दोन रूपे होत. ही माती ओलावा दीर्घकाळ धरून ठेवते. म्हणूनच खरिपात कापूस, ज्वारी व तूर आणि पाऊस संपल्यानंतर केवळ जमिनीतील ओलीवर हरभरा येथे घेता येतो.

परंतु जी चिकणमाती पाणी धरून ठेवते तीच ते खाली जाऊ देत नाही. खोऱ्यातील पर्जन्यमान सर्वसाधारणपणे ७० ते ९० सेंमी. असून ते ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे घटत जाते. यातील बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने बाष्पीभवनाचे असतात. माती कोरडी होत असता तिच्यातील कॅल्शियम हे चुनखडीच्या रूपाने अलग होते व चिकणमातीच्या कणांना धरून राहिलेल्या मूलद्रव्यांत सोडियमचा वाटा वाढतो. सोडियम वाढला की मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि पाण्याचा निचरा आणखी मंदावतो. निचरा मंदावल्यामुळे क्षार वाहून जात नाहीत आणि क्षार राहिल्यामुळे निचरा सुधारत नाही. अशा रीतीने कारण व परिणाम यांचे एक चक्र तयार होते. जगात सामान्यतः मातीच्या विनिमयक्षम मूलद्रव्यांत सोडियम १५ टक्क्यांवर गेल्यास जमीन चोपण मानण्याचा प्रघात आहे. तथापि येथील फुगणाऱ्या मातीचा निचरा त्याहून बऱ्याच कमी प्रमाणातही बिघडतो, असे मृदाशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. म्हणजेच मर्यादेचा आकडा सर्वत्र सारखा नसतो. तो त्या त्या ठिकाणच्या मातीवर अवलंबून असतो.

या प्रक्रियेने बाधित झालेला प्रदेश ‘खारपाण पट्टा’ म्हणून ओळखला जातो. पूर्णेच्या दोन्ही तीरांवरील सु. ४,७०० चौ. किमी. क्षेत्र आणि अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील साडेआठशेहून अधिक गावे त्यात येतात. या पट्ट्यातील विहिरींचे पाणी खारे असून पिण्यास व बहुतेक पिकांस ते उपयोगी पडत नाही. पट्ट्याचा उगम मानवी चुकीत नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. हवामान, खडक व भूरचना यांच्या संयोगातून हजारो वर्षांत तो घडला आहे. मानवाने मात्र त्याच्या मर्यादा कधी ओळखल्या, तर कधी ओलांडल्या.

पूर्वकालीन जीवनपद्धती : या मर्यादांची जाणीव जुन्या काळच्या रहिवाशांना होती. नदीनाल्यांच्या वाळूत झिरे खणून गोडे पाणी मिळविणे, वेगवेगळ्या मुदतीची पिके एकाच शेतात मिसळून पेरणे, ज्वारीचा कडबा गुरांसाठी राखणे आणि काही जमीन चराईस ठेवणे हा कोरडवाहू शेतीचा आधार होता. कापसाबरोबर तूर व ज्वारी असल्याने एक पीक गेले तरी दुसरे हाती लागत असे. विहिरीच्या पाण्यावर बागायत करण्यास येथे निसर्गतःच वाव नव्हता.

खाऱ्या पाण्याचाही उपयोग करून घेतला जाई. अकोला जिल्ह्यातील दहीहंडा व आसपासच्या गावी खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून मीठ तयार करीत. १८७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वऱ्हाडच्या गॅझेटिअरमध्ये या विहिरींची दखल घेतलेली आढळते. इंग्रजी अमलात मीठावरील सरकारी नियंत्रण आणि बाहेरून येणारे मीठ यांमुळे हा व्यवसाय लयास गेला. बुलढाणा जिल्ह्यातच घाटावर असलेले लोणारचे सरोवर हेही क्षारांचा जुना साठा होय. मोगलांनी १५९६ मध्ये वऱ्हाड घेतल्यानंतरच्या काळातील ऐन-इ-अकबरी या ग्रंथात काच व साबण यांसाठी लागणारे पदार्थ तेथे मिळत असल्याचा उल्लेख आहे [⟶ लोणार सरोवर].

कापूस, लोहमार्ग व दुष्काळ : १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाडचा प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिला. १८६१–६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकाशरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला व वऱ्हाडच्या कापसास अभूतपूर्व मागणी आली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मलकापूर, नांदुरा, शेगाव व अकोला या गावांवरून जाणारा मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ बनली आणि १८७० च्या सुमारास जलंबहून तेथपर्यंत लोहमार्गाची शाखा काढण्यात आली.

या घटनांनी खोऱ्यातील निसर्गव्यवहारांचे स्वरूप पालटले. तोपर्यंत येथील माती, पाऊस व गुरे यांचा हिशेब मुख्यतः स्थानिक गरजांशी जुळलेला होता. आता तो सातासमुद्रापलीकडील भावाशी जोडला गेला. पडीक व चराऊ जमिनी नांगराखाली आल्या. रुळांखालील स्लीपर, इमारती लाकूड व जळण यांसाठी वनांवर ताण पडला. त्याच दशकांत सातपुड्यातील वने राखीव करून त्यांवर शासकीय नियंत्रण आणण्यात आले. परिणामी गावाजवळची चराई घटली आणि दूरची वने प्रतिबंधित झाली. धान्याखालील क्षेत्र व साठा यांवर कापसाचे आक्रमण होत असता प्रदेशाची अवर्षण सोसण्याची शक्ती कमी झाली. १८९६–९७ व १८९९–१९०० या दुष्काळांत ही दुर्बलता उघड झाली. दुसऱ्या दुष्काळात वऱ्हाडात मनुष्यहानीबरोबरच गुरांचीही मोठी हानी झाली. पाऊस न पडणे ही नैसर्गिक घटना होय. परंतु तिचे रूपांतर उपासमारीत होणे हे जमीन, बाजार व शासन यांनी मिळून घडविलेले असते, हा या काळाचा मुख्य धडा मानावा लागेल.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला. त्यानंतर पाटबंधाऱ्यांच्या कामांस गती आली. मोताळा तालुक्यातील नळगंगा धरण याच सुमारास बांधले गेले. अकोला येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने (पुढे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ) आणि १९७६ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेने खारपाण मातीचा पद्धतशीर अभ्यास केला. १९७२ च्या दुष्काळाने पाण्याचा प्रश्न राज्याच्या राजकारणाच्या मध्यभागी आणला व त्यातून रोजगार हमी योजनेस चालना मिळाली.

पिण्याच्या पाण्यासाठी खारपाण पट्ट्याला डोंगराकडेच वळावे लागले. सातपुड्यातील वान नदीवरील धरणातून नळाद्वारे पाणी पुरविणाऱ्या अनेक गावांच्या एकत्रित योजना आखण्यात आल्या. अकोला जिल्ह्यातील ८४ खेडी व बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतील १४० गावे योजना या त्यांपैकी होत. विहिरीत पाणी असूनही गावाने ४०–५० किमी. वरून येणाऱ्या जलवाहिनीवर विसंबून राहावे, ही येथील स्थिती आहे. डोंगरातील वने टिकली तर झरे व नाले टिकतात, धरणात गाळ कमी येतो आणि सपाटीवरील घागर भरते. म्हणून मेळघाटचे संरक्षण हा केवळ वन्य प्राण्यांचा प्रश्न उरत नाही. १९७३–७४ मध्ये तेथे व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. अजिंठ्याच्या रांगेत बुलढाणा–खामगाव परिसरात १९९७ मध्ये ज्ञानगंगा अभयारण्य घोषित झाले. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर येथून निघालेला एक वाघ २०१९ मध्ये शेते, रस्ते व ओढे ओलांडून या अभयारण्यात पोहोचला होता. वनांचे विखुरलेले तुकडे प्राण्यांच्या दृष्टीने अद्याप एकाच प्रदेशाचे भाग आहेत, हे त्याच्या प्रवासावरून दिसून आले.

मर्यादांच्या कल्पनेचा विकास : पृथ्वीवरील जीवसृष्टी, हवा, पाणी व खडक ही एकमेकांत गुंतलेली व्यवस्था आहे, ही कल्पना शास्त्रात टप्प्याटप्प्याने रुजली. ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडुआर्ट झ्यूस यांनी १८७५ मध्ये ‘जीवावरण’ या अर्थाची संज्ञा वापरली. रशियन शास्त्रज्ञ व्ह्‌लाद्यीमिर व्हेर्नाट्‌स्की यांनी १९२६ मध्ये तिचा विस्तार करून सजीव हे भूवैज्ञानिक घडामोडींचे कर्तेही आहेत, असे प्रतिपादिले. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्स्ली यांनी १९३५ मध्ये ‘परिसंस्था’ ही संकल्पना मांडली. १९५८ पासून हवाई बेटावर चार्ल्‌स कीलिंग यांनी घेतलेल्या मोजमापांमुळे वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइड वर्षानुवर्षे वाढत असल्याचे सिद्ध झाले. १९७२ मध्ये ‘क्लब ऑफ रोम’ या संस्थेसाठी तयार झालेल्या अहवालाने मर्यादित पृथ्वीवर अमर्याद वाढ शक्य नसल्याचे सांगितले आणि त्याच वर्षी स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणविषयक परिषद भरली. २००९ मध्ये योहान रॉकस्ट्रम व त्यांच्या सहकाऱ्यांनी हवामान, जैविक विविधता, भू-उपयोग, गोडे पाणी, नायट्रोजन व फॉस्फरस यांची चक्रे इत्यादी नऊ बाबतींत पृथ्वीच्या सुरक्षित सीमा सुचविल्या. त्यांपैकी सहा सीमा ओलांडल्या गेल्याचा निष्कर्ष २०२३ मध्ये काढण्यात आला. २०२५ च्या मूल्यमापनात महासागराच्या आम्लीकरणाची सातवी भर पडली.

पूर्णा खोऱ्याच्या अनुभवामुळे या विचारास एक पुस्ती जोडता येते. पृथ्वीच्या सीमा जागतिक परिमाणात मोजल्या जात असल्या, तरी त्या माणसाच्या प्रत्ययास येतात त्या एखाद्या शेतात, विहिरीत वा नाल्यात. तसेच एका व्यवस्थेतील बदल दुसरीत उमटतो. तापमान वाढून बाष्पीभवन वाढले, तर मातीतील चुनखडी व सोडियम यांचे वर वर्णिलेले चक्रही वेग घेऊ शकते. म्हणजे वातावरणातील वायूंचा परिणाम वडनेर भोलजीसारख्या गावाच्या परिसरातील मातीच्या छिद्रांपर्यंत पोहोचू शकतो. लोणारच्या सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले, तेव्हा हेच दिसले होते. पाण्याची पातळी खालावून लवणता वाढली आणि लवणप्रिय सूक्ष्मजीवांची संख्या वाढल्यामुळे रंग पालटला. त्याच वर्षी या सरोवराचा रामसर करारातील पाणथळ क्षेत्रांत समावेश करण्यात आला.

सिंचनाचा प्रश्न : नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव प्रकल्पाचे काम हाती घेण्यात आले असून त्यासाठी नदीकाठच्या अनेक गावांचे पुनर्वसन करावे लागत आहे. वैनगंगेचे पाणी गोसीखुर्द धरणातून सु. ४२६ किमी. लांबीच्या कालव्याने बुलढाणा जिल्ह्यातील नळगंगेपर्यंत आणण्याच्या नदीजोड प्रकल्पास राज्य शासनाने २०२४ मध्ये मान्यता दिली. गोदावरीच्या खोऱ्यातील पाणी तापीच्या खोऱ्यात आणणारी ही योजना होय. वारंवार अवर्षण व शेतकऱ्यांची कर्जबाजारी अवस्था सोसणाऱ्या या भागात अशा प्रकल्पांविषयी मोठी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. कोरडवाहू कुटुंबास एक संरक्षक पाणी मिळणे म्हणजे वर्षाचे पीक हाती लागणे होय.

तथापि पाण्याबरोबर क्षारही येतात. एक लिटर पाण्यात ३०० मिग्रॅ. विद्राव्य क्षार आहेत असे धरले आणि एका हेक्टरास वर्षात ५० सेंमी. पाणी दिले, तर त्या शेतात ५० लक्ष लिटर पाण्यावाटे दीड टन क्षार येतात. पाणी उडून जाते, क्षार राहतात. निचरा चांगला असलेल्या जमिनीत पावसाने ते धुतले जातात. खारपाण पट्ट्यातील मातीत ते साठत जाण्याचा धोका असतो. प्राचीन मेसोपोटेमियातील शेती अशाच क्षारसंचयामुळे खालावली आणि विसाव्या शतकात पंजाब, सिंधचा काही भाग व पश्चिम महाराष्ट्रातील उसाखालील जमिनी यांनाही पाणथळपणा व क्षारता यांना तोंड द्यावे लागले. म्हणून येथे कालव्याइतकेच चर महत्त्वाचे ठरतात. निचऱ्याची सोय, जिप्समचा वापर, हिरवळीची खते, रुंद वरंबा व सरी पद्धत आणि मोजून दिलेले तुषार वा ठिबक सिंचन यांचा विचार पाणी येण्यापूर्वीच होणे आवश्यक आहे.

याच मातीत एक उपायही दडलेला आहे. चिकणमाती पाणी झिरपू देत नसल्याने खारपाण पट्ट्यातील शेततळ्यांत प्लॅस्टिकचे अस्तर न घालताही पावसाचे गोडे पाणी टिकून राहते. ७५ सेंमी. पाऊस एका हेक्टरावर ७५ लक्ष लिटर पाणी ओततो. त्याचा अल्पांश जरी शेततळ्यात धरला, तरी पावसात खंड पडल्यावर पिकास एखादे पाणी देता येते. २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविण्यात आलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाण पट्ट्यातील गावांचा मुद्दाम समावेश करण्यात आला व शेततळी, मृदसंधारण आणि हवामानास अनुरूप पीकपद्धती यांवर भर देण्यात आला. ज्या गुणामुळे जमीन अवघड ठरली, त्याच गुणाचा येथे आधार घेतलेला दिसतो.

समारोप : पूर्णा खोऱ्याच्या इतिहासात तीन अवस्था स्पष्ट दिसतात. पहिलीत माणसाने भूमीच्या मर्यादेत राहून निर्वाह केला. त्या निर्वाहात सुरक्षितता असली तरी दारिद्र्यही होते व त्याचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. दुसरीत बाजार व लोहमार्ग यांनी संपत्तीबरोबर नवी असुरक्षितता आणली. तिसरीत धरणे, जलवाहिन्या व कालवे यांच्या साहाय्याने स्थानिक मर्यादा दूरच्या साधनांनी ओलांडण्याचा प्रयत्न सुरू आहे. या प्रयत्नाने मर्यादा नाहीशी होत नाही. तिचे स्थान बदलते. विहिरीतील मर्यादा धरणाकडे, धरणातील डोंगराकडे आणि डोंगरावरील हवामानाकडे सरकते. या साखळीतील प्रत्येक दुव्याचा हिशेब ठेवला, तर कालव्याचे पाणी या भागातील शेतकऱ्यास स्थैर्य देऊ शकेल. तो न ठेवल्यास पाणी मिळाल्यानंतर जमीन गमावण्याची वेळ पुढील पिढीवर येईल. खारपाण पट्ट्यातील क्षार हे या दृष्टीने निसर्गाने ठेवलेले जुने जमाखर्चाचे पुस्तक आहे. कोणतेही नवे नियोजन करण्यापूर्वी ते वाचले जाणे आवश्यक आहे.